नळीची खुंटी: तीन पावसाळ्यांनंतर

आमच्या घरी झाडांना पाणी घालायचं काम आईचं. ती आता ८३ वर्षांची आहे आणि हे काम तिने अजून कुणाच्या हातात दिलेलं नाही. सकाळी सहाला, चहाच्या आधी, तुळस, मोगरा, अनंत, कढीपत्ता, मागच्या दोन जास्वंदी आणि शेवटी चौकातल्या चिकूचं आळं, असा तिचा क्रम ठरलेला. २०२२च्या फेब्रुवारीत चौकात पडलेल्या पाइपच्या वेटोळ्यात तिचा पाय अडकला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. तो पाइप आदल्या संध्याकाळी मीच तिथे टाकून आत गेलो होतो.

पाइप कुठे आणि कसा ठेवायचा, याचा जेवढा विचार मी त्या सहा आठवड्यांत केला तेवढा आधीच्या पंचवीस वर्षांत केला नव्हता. मे महिन्यात तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून स्टीलचा हँगर बनवून घेतला. आई त्याला ‘नळीची खुंटी’ म्हणते, म्हणून मीही आता खुंटीच म्हणतो. या खुंटीने तीन पावसाळे काढले आहेत. घरासमोर थोडी झाडं असलेल्या आणि पाइप ठेवायच्या नावाने दर दोन वर्षांनी काहीतरी नवीन विकत घेणाऱ्या लोकांसाठी हे लिहितो आहे.

जागा कशी आहे ते आधी सांगतो, कारण टिकण्या-न टिकण्याचा निम्मा हिशेब जागेत असतो. आम्ही सीबीडी बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेजमध्ये राहतो. चार्ल्स कोरियांनी आखलेली ही ऐंशीच्या दशकातली वसाहत. एका छोट्या चौकाभोवती सात घरं, आणि कुठल्याच दोन घरांची भिंत सामाईक नाही. त्यामुळे भिंतीला भोक पाडायचं तर शेजाऱ्याला विचारावं लागत नाही. चौक मात्र सगळ्यांचा. तिथे पडलेला पाइप आमच्या पायात येतो तसा समोरच्या पोरांच्या सायकलच्या चाकातही येतो. मागे पारसिकचा डोंगर, दक्षिणेला पनवेलची खाडी. खाडीवरच्या वाऱ्यात खार असतो आणि जून ते सप्टेंबर भिंती वाळत नाहीत. आमच्या खिडकीच्या ग्रिलला रेड ऑक्साइड मारून वर ऑइलपेंट दिला तरी खालची आडवी पट्टी काही वर्षांत पापडासारखी सुटते. इथे पुण्याच्या किंवा नाशिकच्या माणसाचा अनुभव कामाचा नाही.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत ३१ वर्षं मेंटेनन्सला होतो. फिटर म्हणून लागलो, फोरमन म्हणून निवृत्त झालो. तिथे एक गोष्ट रोज दिसायची. खाऱ्या आणि आम्लाच्या हवेत सगळ्यात आधी हलणारा भाग जातो. पंपाचं सील जातं, व्हॉल्व्हचा स्पिंडल जाम होतो, आणि शेजारचा जाड ब्रॅकेट तसाच उभा असतो. हे माहीत असूनही घरी मी हलणारीच वस्तू विकत घेतली होती.

ती वस्तू म्हणजे प्लास्टिकचं रीळ, हँडल फिरवून पाइप गुंडाळायचं. ३० मीटर पाइपसकट ३,४०० रुपये पडले होते. पहिल्या वर्षी ते फार आवडलं. पाइप नीट गुंडाळला जायचा, भिंतीजवळ उभं करून ठेवता यायचं. दुसऱ्या वर्षी मधल्या स्विव्हलमधून पाणी ठिबकायला लागलं. अशा रिळात नळाकडून येणारा पाइप स्थिर असतो आणि गुंडाळलेला पाइप फिरतो. त्या दोघांच्या सांध्यात एक रबराची ओ-रिंग असते आणि सगळं पाणी तिच्या भरवशावर असतं. मी सांधा उघडला तर ओ-रिंग चपटी झालेली आणि ती जिथे बसते त्या प्लास्टिकवर बारीक रेघा पडलेल्या. वाळूचा एक कण पुरतो. ओ-रिंग बदलली, दोन महिने बरं चाललं, पुन्हा ठिबक. एका रात्री खाली बादली ठेवली, सकाळी अर्धी भरली होती. हे मोरबे धरणाचं पाणी, खालापूरकडून आपल्याकडे येतं, आणि ते आमच्या पायरीवर शेवाळ धरायला वाहत होतं.

मग पश्चिमेच्या उन्हाने रिळाची चौकट पांढरी पडली आणि हँडल हातात आलं. पण आईच्या दृष्टीने ते रीळ त्याच्या आधीच निकामी होतं. पाण्याने भरलेला ३० मीटर पाइप गुंडाळायला हँडलवर जोर लागतो, आणि ते ती करू शकत नव्हती. म्हणून ती पाइप तसाच सोडायची आणि मी ‘नंतर गुंडाळतो’ म्हणायचो. तिच्या पडण्याचं मूळ त्या ‘नंतर’मध्ये होतं.

इथे वजनाचा हिशेब मांडतो, कारण दुकानात कुणी तो सांगत नाही. अर्ध्या इंची, आत दोऱ्याची जाळी असलेला ब्रेडेड पाइप मीटरला साधारण पावणेदोनशे ग्रॅम भरतो. ३० मीटरचा झाला पाच किलोच्या वर. त्यात मावणारं पाणी साडेतीन लिटरच्या पुढे. म्हणजे पाणी न काढता उचलायला गेलं तर नऊ किलोच्या आसपास. पाऊण इंची घेतला तर त्याच लांबीत नुसतं पाणीच साडेआठ लिटर. म्हाताऱ्या माणसाने हे ओढायचं, गुंडाळायचं आणि उचलून ठेवायचं, अशी अपेक्षा आपण धरतो.

रिळाच्या आधी आणि नंतर जे केलं ते थोडक्यात. कितीतरी वर्षं एक मोठा खिळा होता. खिळ्यावर पाइप टांगला की सगळं वजन एका बोटभर जागेवर येतं, तिथे पाइप चेपतो, घडी पडते आणि पुढच्या उन्हाळ्यात बरोबर त्या घडीवर तडा जातो. मग वहिनीने मातीचं एक मोठं देखणं भांडं दिलं, पाइप आत गुंडाळून ठेवायला. दिसायला सगळ्यात सुंदर तेच होतं. पण त्याला तळाला भोक नव्हतं. जुलैत आत हात घातला तर चार बोटं पाणी आणि त्यात वळवळणाऱ्या अळ्या. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा उडणारा डास होतो. भांडं आता पालथं घालून त्यावर कोरफडीची कुंडी ठेवली आहे. कुणाला असं भांडं वापरायचंच असेल तर आधी तळाला भोक पाडून घ्या आणि ते दोन विटांवर ठेवा.

जमिनीवर वेटोळं करून ठेवणं तर डोंगराजवळ राहणाऱ्यांनी करूच नये. एकदा ऑगस्टमध्ये आमच्या वेटोळ्यात धामण बसलेली होती. धामण बिनविषारी, उंदीर खाते, तिचं आमचं काही वाकडं नाही. पण पहाटेच्या अंधुक उजेडात एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या आईने कोणतं वेटोळं उचलायचं?

रीळ गेल्यावर पनवेलच्या धाकट्या भावाने गॅरेजमधून गाडीच्या चाकाची जुनी लोखंडी रिम आणून दिली, १३ इंची. ती भिंतीला ठोकली. रंग टवका उडाला तिथून गंजला आणि एका पावसाळ्यात पांढऱ्या भिंतीवर हातभर लांब तांबडा ओघळ उतरला. पण या रिमनेच मला आकार शिकवला. १३ इंच म्हणजे ३३ सेंटिमीटर व्यासाच्या गोलावर पाइप सैल, मोकळा बसायचा, त्याला कुठेही घडी पडायची नाही. आकार बरोबर होता, धातू चुकीचा होता.

तेव्हा मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला चित्र काढलं. पाइप टेकायला अर्धगोल सॅडल, वरच्या बाजूने फुगीर, व्यास २८० मिलिमीटर, रुंदी १५०, दोन मिलिमीटर जाड पत्रा. मागे तीन मिलिमीटरची पट्टी, चार भोकं. पुढे पाइप घसरू नये म्हणून उभा ओठ. फिरणारा, सरकणारा, स्प्रिंगवर चालणारा एकही भाग नाही. सगळं स्टेनलेस स्टील, ३०४ ग्रेड.

ग्रेडबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण फसगत इथेच होते. बाजारात ‘एसएस’ म्हणून जे मिळतं त्यात बराच माल २०२ ग्रेडचा असतो. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, म्हणून स्वस्त. पुण्यात घराच्या आत चालून जाईल, खाडीच्या वाऱ्यात वर्षभरात तांबूस होतो. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. पुष्कळ लोक लोहचुंबक लावून बघतात, चिकटलं नाही की खूश होतात. २०२ लाही चुंबक चिकटत नाही, त्यामुळे त्या परीक्षेला अर्थ नाही. फॅब्रिकेटरकडे टेस्टिंगची बाटली असते, पत्र्यावर थेंब टाकून छोटी बॅटरी लावतात. २०२ असेल तर थेंब लाल होतो. माझ्यासमोर करा म्हटलं, त्याने केलं. अगदी खाडीच्या काठावर, वाशी-नेरुळच्या पाण्यालगत राहणाऱ्यांनी परवडत असेल तर ३१६ घ्यावं. त्यात दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि खारामुळे पडणाऱ्या बारीक खड्ड्यांना ते जास्त दाद देत नाही. आम्हाला ३०४ पुरेसं वाटलं.

तुर्भ्याच्या त्या दुकानाचं नाव लिहीत नाही, मालकाला मी विचारलेलं नाही. साताऱ्याकडचा माणूस, चाळिशीतला, रेलिंग आणि किचनची टेबलं करतो. चित्र बघून म्हणाला, “साहेब, पाण्याचा पाइपच टांगायचा ना? मग दोन एमएम कशाला? सव्वामध्ये करून देतो, पैसे वाचतील तुमचे.”

मी म्हटलं, “पाइप टांगताना आई त्याला धरून उभी राहणार. वाकायला नको.”

तो थोडा थांबला आणि म्हणाला, “मग आजींच्या हाताला कड नको लागायला. दोन्ही बाजूंनी पत्रा आत वळवून देतो. त्याचे वेगळे नको.”

हे माझ्या चित्रात नव्हतं. आज त्या खुंटीची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ती वळवलेली कड आहे. मजुरी आणि आर्गन वेल्डिंग धरून १,९५० रुपये घेतले, वजन अडीच किलोच्या आसपास. चार स्टीलचे स्क्रू आणि स्क्रू धरायला भिंतीच्या भोकात बसवायच्या नायलॉनच्या गिट्ट्या मिळून १८०. म्हणजे प्लास्टिकच्या रिळापेक्षा कमी.

स्क्रूंचं सांगतो. अशी महागाची स्टील पट्टी घेऊन लोक ती साध्या लोखंडी स्क्रूने बसवतात. दोन वेगळे धातू ओले होऊन एकमेकांना लागले की त्यातला हलका पडणारा झिजतो, आणि मोठ्या स्टीलच्या पट्टीत छोटा लोखंडी स्क्रू म्हणजे सगळी झीज त्या एवढ्याशा स्क्रूवर. खुंटी नवी कोरी राहते आणि स्क्रूचं डोकं गळून पडतं. स्क्रू, वॉशर, सगळं स्टेनलेसच घ्या. आमची भिंत नऊ इंची विटांची आहे, प्लास्टर जुनं. अशा विटेत फुगणारा लोखंडी अँकर बोल्ट मारला की वीट फुटते, म्हणून १० मिलिमीटरची लांब नायलॉनची गिट्टी वापरली. भोक पाडताना ड्रिलचं हॅमर बंद ठेवलं आणि भोक सांध्यात न घेता भर विटेत घेतलं.

उंची आईला उभं करून ठरवली. ती चार फूट दहा इंच आहे. सॅडलचा माथा १०५ सेंटिमीटरवर घेतला, म्हणजे तिला हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही आणि वेटोळ्याचं खालचं टोक जमिनीपासून दोन फूट वर राहतं. खालून झाडू फिरतो. भिंत उत्तरेची निवडली. पाइपला पाण्यापेक्षा ऊन मारतं. पीव्हीसी मऊ राहावा म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं ते उन्हाने हळूहळू निघून जातं, मग पाइप लाकडासारखा कडक होतो आणि वाकवला की तडकतो. खुंटी कितीही चांगली असली तरी पश्चिमेच्या भिंतीवर लावली तर पाइप दोन वर्षांत बदलावा लागेल.

पाइपही तेव्हाच बदलला. ३० मीटरची आम्हाला गरजच नव्हती. लांबचं झाड १७ मीटरवर आहे. शिवाय आमची टाकी गच्चीवर, नळापासून जेमतेम सहा मीटर उंच. दहा मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलोचं प्रेशर मिळतं, म्हणजे आमच्याकडे जेमतेम अर्ध्या किलोच्या थोडं वर. एवढ्याशा प्रेशरला पाइपचा प्रत्येक मीटर जाणवतो. मी दहा लिटरची बादली लावून मोजलं. ३० मीटरच्या पाइपने ती भरायला एक मिनिट वीस सेकंद, २० मीटरने एक मिनिट पाच. आईसाठी २० मीटरचे दोन तुकडे केले, दहा-दहाचे, मध्ये पितळी क्विक कपलिंग, म्हणजे झटकन जोडता-सोडवता येणारा सांधा. पुढची झाडं तिची एका तुकड्यात होतात. दहा मीटरचा पाइप पाण्यासकट तीन किलोच्या आसपास भरतो. चिकूपर्यंत जायचं झालं की ती दुसरा तुकडा जोडते. पारदर्शक पाइप घेऊ नका, त्यातून उजेड जातो आणि आत हिरवं शेवाळ धरतं. आमचा गडद हिरवा आहे.

आता तीन पावसाळ्यांचा अनुभव, तक्रारींपासून.

पहिली तक्रार ओठाची. मी चित्रात ४० मिलिमीटर लिहिला होता, तो कमी पडला. २० मीटरची साधारण सोळा वेटोळी होतात, सॅडलवर आठ-आठच्या दोन थरांत बसतात. वरच्या थरातली बाहेरची दोन वेटोळी पहिल्याच आठवड्यात घसरून खाली आली. चूक माझ्या मापाची होती. दुसरी तक्रार दुकानाची. जून संपता संपता वेल्डिंगच्या दोन्ही रेघांवर तपकिरी पट्टा उमटला आणि पट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढे गंजाचे ठिपके आले. स्टेनलेसला वेल्डिंगच्या उष्णतेने जो निळा-जांभळा रंग चढतो तो काढून टाकावा लागतो, त्याखालचा धातू कमजोर झालेला असतो. तो त्याने नुसता कपड्याने पुसला होता. आणि ठिपके आले ते शेजारी लोखंड ग्राइंड करत होते त्याची कीस पत्र्यावर बसून. कंपनीत आम्ही स्टेनलेसचं काम लोखंडापासून वेगळ्या जागी करायचो, ते याचसाठी.

खुंटी काढून मी ती परत घेऊन गेलो. त्याने वाद घातला नाही. वेल्डिंगचा रंग आणि गंज काढणारी पिकलिंग पेस्ट लावून धुऊन दिली आणि ओठाला सळई जोडून तो ७० मिलिमीटरचा करून दिला. सळईचे दीडशे घेतले, पेस्टचे नाही. ही पेस्ट घरी आणून लावायच्या फंदात कुणी पडू नका; तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड असतं आणि ते कातडीच्या आत हाडापर्यंत जातं. तुम्ही करून घेणार असाल तर ऑर्डर देतानाच सांगा की वेल्डिंगनंतर पिकलिंग करून हवं आणि ओठ ७० हवा. तो हेलपाटा वाचेल.

त्यानंतर दोन पावसाळे झाले. वरची बाजू पावसाने धुतली जाते, ती आजही लखलखीत आहे. खालच्या बाजूला, जिथे पाऊस पोचत नाही, तिथे खार बसून चहाच्या डागासारखी छटा येते. दिवाळीच्या सफाईत भांड्याच्या साबणाने आणि प्लास्टिकच्या घासणीने ती निघते. तारेची घासणी लावू नका, तिची लोखंडी कीस मागे राहते आणि तीच गंजते. गिट्ट्या हललेल्या नाहीत, भिंतीवर एकही ओघळ नाही. आणि ज्याच्यासाठी हे सगळं केलं तो पाइप तिसऱ्या वर्षीही मऊ आहे. आधीचे पाइप दुसऱ्या उन्हाळ्यात टाकून द्यावे लागत.

टांगायची पद्धत मी आईला दाखवली, वेल्डिंगची केबल गुंडाळायचो तशी. एक वेटोळं सुलट, पुढचं उलट. सगळी वेटोळी एकाच दिशेने घातली की पाइपला पीळ बसत जातो आणि दुसऱ्या दिवशी ओढताना तो फणा काढून उभा राहतो. सुलट-उलट घातलं की पीळ जिथल्या तिथे सुटतो. तिला हे एका सकाळीत जमलं. ती म्हणाली, लोकर गुंडाळताना आम्ही असंच करायचो.

नळ बंद करायचा, पाइपच्या टोकाची तोटी उघडी ठेवायची, नळाकडून सुरुवात करून पाइप हातावर उचलत यायचं, म्हणजे आतलं पाणी पुढे निघून जातं. तोटी बंद करून नळ चालू ठेवायची सवय फार वाईट. उन्हात पाइप फुगतो, कपलिंग निसटतं. आणि मे महिन्यात पाइपमध्ये उरलेलं पाणी एवढं तापतं की ते सरळ मोगऱ्यावर पडलं तर पानं भाजतात. रिकामा पाइप हलकाही असतो आणि त्यात डासही होत नाहीत. आईचा चिकू पूर्वी पहिला होता, खुंटी लागल्यापासून तिने तो शेवटी घेतला, कारण पाइपमधलं उरलेलं पाणी तिथे आळ्यात रिकामं होतं.

आमच्या समोरच्या घरी नानांकडे आपोआप गुंडाळणारा बॉक्स आहे, भिंतीवरचा. पाइपला हिसका दिला की स्प्रिंग तो आत ओढून घेते. त्यांनी ११,००० रुपये दिले होते आणि चार वर्षं तो चालतो आहे, हे मान्य करायलाच हवं. तो त्यांच्या पोर्चच्या छपराखाली आहे, ऊन-पाऊस लागत नाही. त्यातला पाइप मात्र बारीक आहे, माझी दहा लिटरची बादली त्याने भरायला पावणेदोन मिनिटं लागली. तुमच्याकडे प्रेशर पंप असेल आणि बॉक्सवर छप्पर असेल तर तो घ्यायला हरकत नाही. उघड्या भिंतीवर नको. पाइप शेवटी जोरात आत जातो, तेव्हा टोक हातात धरून सोबत चालत जावं लागतं. लहान मूल किंवा म्हातारं माणूस मध्ये आलं तर तोंडावर लागेल. आईसाठी मी तो घेतला नसता.

ठाण्याला घोडबंदर रोडवर लेकीचा बाराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. तिने खुंटी मागितली तर मी नाही म्हटलं. बाल्कनीत सहा कुंड्या, पाच मीटर पाइप. तो बाथरूमच्या बादलीत बसतो.

खुंटीला उणिवा आहेत. तोटी अडकवायला जागा नव्हती, मी नंतर स्टीलचा एक ‘एस’ हूक लावला. पाइप टांगायला दोन मिनिटं लागतात, घाईच्या माणसाला ती जास्त वाटतील. ३० मीटरसाठी १५० ची रुंदी पुरणार नाही, २०० घ्यावी लागेल. आणि रूप म्हणाल तर कारखान्यातल्या वस्तूसारखंच आहे. वहिनीच्या भांड्याची शोभा तिला नाही.

आईचं मनगट पावसाआधी कधीकधी दुखतं. टांगताना ती डावा हात सॅडलच्या वळवलेल्या कडेवर ठेवते आणि उजव्याने वेटोळी चढवते. मी पहिले काही महिने खिडकीतून बघत उभा राहायचो. आता चहा टाकतो.

गेल्या आठवड्यात नाना टेप घेऊन आले आणि खुंटीची मापं घेऊन गेले. त्यांच्या मागच्या अंगणासाठी एक करायची आहे. मी कागदावर लिहून दिलं: ३०४, दोन एमएम, ओठ ७०, पिकलिंग करून, कड वळवून. उंची त्यांच्या मापाने ११५.